पलंगाची खालची बाजू

अहवाल हातात पडून चार दिवस झाले होते आणि चार दिवस छोटी आपल्या वहिनीशी बोलली नव्हती. या घरात न बोलता राहणं म्हणजे मोठंच काम. खाली सुतारकामाचा कारखाना, वर बिऱ्हाड, आणि करवतीच्या मशीनने वडिलांचे, आप्पांचे, दोन्ही कान कधीच निकामी केलेले. त्यामुळे साधं मीठ मागायचं झालं तरी इथली माणसं जिना दणाणून सोडतात. अशा घरात एक जण गप्प बसला की तो आप्पा सोडून सगळ्यांना ऐकू येतो.

छोटी आता चौतीस वर्षांची होती आणि शहराची चाळीस फुटी बस चालवत होती, पण दादाच्या पाठची म्हणून चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. नवऱ्याने दुसरा संसार मांडला तेव्हा तीन वर्षांच्या भिंगरीला कडेवर घेऊन ती माहेरी आली, त्यालाही चार वर्षं झाली. आता त्या भिंगरीवर बालसंरक्षण विभागाने सोळा पानं लिहिली होती. शेवटच्या पानावर शिफारस होती: मुलीला नव्वद दिवसांसाठी बालगृहात हलवावं. उद्या सकाळी अकरा वाजता कुटुंब न्यायालय त्यावर निर्णय देणार होतं.

म्हणून आज दुपारी, भिंगरी शाळेत असताना, वकीलबाई कारखान्यात आल्या. काळा कोट त्यांनी पटाश्यांच्या खुंटीला अडकवला, रंध्याचा कचरा हातानेच बाजूला सारला आणि लांब टेबलावर अहवाल पसरला. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला छोटी, आणि वहिनी जिन्याच्या पायरीवर, म्हटलं तर बैठकीत आणि म्हटलं तर नाही. आप्पा पलीकडे पाठ करून एका खुर्चीचा पाय घासत होते.

"एकेक परिच्छेद घेऊ," वकीलबाई म्हणाल्या. "जे चुकीचं लिहिलंय त्याच्यासमोर पुरावा ठेवायचा. जे बरोबर आहे त्याला हात लावायचा नाही."

"सगळंच चुकीचं आहे," दादा म्हणाला.

"सोळा पानं सगळीच्या सगळी चुकीची लिहायला फार हुशारी लागते, दादा. तेवढा वेळ त्यांच्याकडे नसतो. परिच्छेद चार. 'मुलीला स्वतःचा पलंग नाही, ती जमिनीवर गादी टाकून झोपते.'"

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. सुताराच्या घरात पोरीला पलंग नाही, हे वाक्य त्याने चार दिवसांत चाळीसदा वाचलं असेल. "पलंग नाही? अहो, ती या घरात आली त्या आठवड्यात आप्पांनी तिला पलंग केला. आणि दरवर्षी तो वाढवतात. पोरगी वाढली की आप्पा पलंग सुटा करतात, बाजूच्या फळ्यांना नवा तुकडा सांधतात, परत जोडतात. असा पलंग गावात दुसऱ्या कोणाकडे नसेल."

"मग एकोणीस मार्चला, पाहणीच्या दिवशी, तो कुठे होता?"

"इथेच. सुटा केलेला."

"कधीपासून?"

"चौदापासून."

"आणि जोडला कधी?"

"एकवीसला. आप्पा प्रत्येक वेळी फळीखाली तारीख लिहितात. आमच्याकडून जी वस्तू बाहेर जाते तिच्या खाली पेन्सिलने तारीख असतेच."

वकीलबाईंनी हे लिहून घेतलं आणि मग पेन थांबवलं. "एरवी किती दिवस लागतात या कामाला?"

दादा टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करू लागला.

"दोन," वहिनी पायरीवरून म्हणाली.

"मग या वेळी आठ का लागले? कारण न्यायाधीश हेच विचारणार. आणि चौदा मार्च ही तारीख मी अजून एका कागदावर पाहिलीय. दवाखान्याच्या. मुलीचा उजवा हात भाजला, कारण, चहा सांडला. सांगणारा, मामा." त्यांनी पान उलटलं. "आणि हा परिच्छेद नऊ. 'कुटुंबातील एका सदस्याने खाजगीत सांगितलं की भाजण्याचं खरं कारण लपवलं जात आहे.'"

"खाजगीत," छोटी म्हणाली. चार दिवसांत वहिनीच्या दिशेने फेकलेला हा पहिला शब्द.

वहिनी उठली. अकरा वर्षं ती या घरात होती. मोठ्या आवाजात बोलायला शिकायला तिला वर्ष लागलं होतं, आणि अजूनही रागावली की तिचा आवाज मूळ पदावर जायचा, अगदी हळू व्हायचा. आत्ता तो तसाच झाला.

"हो, मीच सांगितलं. वन्सं, तुम्ही ड्यूटीवर होतात. त्या बाईंनी स्वयंपाकघरात मला सरळ विचारलं, चहानंच भाजलं का. मी म्हटलं, नाही, सरसाने. आप्पांनी पलंगाचा सांधा चिकटवायला सरस तापवला होता, कुणीतरी दाराशी आलेलं दिसलं म्हणून ते गेले, आणि भिंगरीने भांड्यात हात घातला. एवढं मी सांगितलं. आणि पुढचंही सांगितलं. आप्पा तिला उचलून अनवाणी धावत दवाखान्यात गेले. त्या दिवसापासून त्यांनी सरस तापवला नाही, पलंग तसाच पडू दिला, जेवायला वर आले नाहीत. ते लिहिलंय का कुठे? तुम्ही चार दिवस वाचताय ना, मग दाखवा मला."

छोटीने पानं उलटली. नवव्या परिच्छेदानंतर दहावा होता आणि दहाव्यात शाळेच्या हजेरीचा हिशोब होता. अनवाणी धावलेल्या म्हाताऱ्याचा कुठे उल्लेख नव्हता. ती रोज चार तास आरशात मागे बघत बस हाकते. मागून काय येतंय ते तिला कळतं असं तिला वाटायचं. शेजारी कोण बसलंय ते मात्र तिने चार दिवस पाहिलं नव्हतं, आणि त्याची तिला आत्ता लाज वाटली.

"चहाचं तुम्हाला माहीत होतं?" वकीलबाईंनी छोटीला विचारलं.

"त्याच संध्याकाळी. भिंगरीनेच सांगितलं. मी गप्प बसले."

"मी काय करायला हवं होतं?" दादा उसळला. "डॉक्टर विचारतोय, कसं भाजलं. समोर चौऱ्याहत्तर वर्षांचा बहिरा माणूस, पायाला रक्त, थरथरतोय. खरं सांगितलं असतं तर उद्या म्हणाले असते, या म्हाताऱ्याला पोरीपासून लांब ठेवा. कारखान्यापासून लांब ठेवा. चहा हा शब्द तोंडातून आपोआप गेला."

"आणि आप्पांना माहीत आहे, तू चहा म्हणालास ते?" छोटीने विचारलं.

"त्यांना कुठे ऐकू येतं."

टेबलापलीकडे कानस खर्र खर्र चालू होती.

"दादा," छोटी म्हणाली, "उद्या तू खरं सांगायचंस."

"म्हणजे तू आता हिच्या बाजूने."

"हो. माझ्या पोरीबद्दल खोटं लिहिलंय म्हणून आपण भांडायला चाललोय. मग आपलंच एक खोटं खिशात ठेवून कोणत्या तोंडाने भांडू?"

दादाने वकीलबाईंकडे पाहिलं. निदान त्या तरी आपल्या बाजूने असतील अशी त्याची अपेक्षा होती.

"धोका आहे," त्या म्हणाल्या. "कबूल केलंत तर न्यायाधीश म्हणू शकतात, हे घर खोटं बोलतं, शिफारस मान्य. पण नाही केलंत तर त्या आठ दिवसांचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ते नाही तर पलंगही नाही." त्या उठल्या, कोट झटकला. "आणखी एक. वाईट वाटून घेऊ नका, पण तीन दिवसांचे कपडे एका पिशवीत भरून ठेवा. शिफारस मान्य झाली तर मुलीला उद्याच न्यायला येतील."

सगळे एकदम गप्प झाले. ही शांतता कशी कोण जाणे, आप्पांपर्यंत पोचली. ते कानस ठेवून वळले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," दादा ओरडला. "पलंगाची फळी हवीय. उद्या कोर्टात. तुमच्या तारखा दाखवायला."

आप्पा विचारात पडले. "कुठली बाजू दाखवणार?"

"खालची कड."

"आख्खी फळी न्या मग. मीच काढून देतो." आणि ते जिना चढून गेले. थोड्या वेळाने एका जुन्या चादरीत गुंडाळलेली, दोन्ही टोकांना सुतळीने बांधलेली पाच फुटांची फळी घेऊन खाली आले. दादाने फळी हातात घेतली, पण चहाचा शब्द त्या दिवशी तरी त्याच्याच्याने निघाला नाही.

*

न्यायालयाच्या दारातल्या रखवालदाराने फळीकडे पाहिलं, मग तिला धरून उभ्या असलेल्या दोन सुतारांकडे.

"हे काय आहे?"

"पुरावा," दादा म्हणाला.

"पुरावा कागदाचा असतो."

"आमचा लाकडाचा आहे."

रखवालदाराने चादर सोडायला लावली, फळी वरखाली पाहिली आणि धातू शोधणाऱ्या चौकटीतून ती आडवी ढकलली. चौकट वाजली नाही. त्याने पुन्हा ढकलली. पुन्हा नाही.

"वाजेल कशी?" आप्पा अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "एक खिळा नाही त्यात."

न्यायालयाची खोली छोटीने मनात रंगवली होती त्यापेक्षा लहान निघाली. एक रुंद टेबल, सहा खुर्च्या, खिडकीत वाळत आलेलं रोपटं, आणि न्यायाधीश म्हणजे एक किरकोळ गृहस्थ, बोलणं इतकं हळू की पुढे झुकून ऐकावं लागे. समोर पाहणीला आलेली बाई बसली होती. तिशीही न ओलांडलेली, मांडीवर फायलींचा ढीग, डोळ्यांखाली काळं. छोटीने चार दिवस मनात तिला शिव्या घातल्या होत्या आणि आता ती समोर आल्यावर त्यातली एकही तिला नीट बसेना. पायाशी कपड्यांची पिशवी होती. ती तिने टाचेने खुर्चीखाली सरकवली.

वकीलबाईंनी सुरुवात कडीपासून केली. परिच्छेद पाच: 'मुलीच्या खोलीला बाहेरून कडी आहे.' सोबत फोटो.

"हा फोटो कुणी ओळखू शकेल का?"

वहिनी उभी राहिली. "हे दार मशीनखोलीचं आहे. पोरीने आत जाऊ नये म्हणून कडी उंचावर लावलीय. कडीच्या शेजारी बघा, भुसा भरायची पिशवी लटकतेय. रोज संध्याकाळी ती मीच रिकामी करते."

न्यायाधीशांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि मग पाहणीच्या बाईंपुढे सरकवला. तिने बराच वेळ पाहिला.

"त्या दिवशी मी पाच घरं पाहिली," ती म्हणाली. "फोटो संध्याकाळी ऑफिसात बसून लावले. हो. हे मशीनखोलीचं दार आहे. चुकलं माझं."

"दुरुस्त करा," न्यायाधीश म्हणाले. तिने पेनने ओळ खोडली आणि शेजारी सही केली. ती सरळ कबूल झाली याचं दादाला नवल वाटलं, आणि थोडी अडचणही. ती वाद घालेल अशी तयारी तो करून आला होता.

"परिच्छेद सहा. 'घरात सतत आरडाओरडा, तणावाचं वातावरण.'"

न्यायाधीश आप्पांकडे वळले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आपण नातीवर ओरडता का?"

"काय?" आप्पा म्हणाले.

"ते विचारतायत, तुम्ही भिंगरीवर ओरडता का?" दादा, छोटी आणि वहिनी तिघंही एकाच दमात ओरडले. कारकुनाच्या हातातलं पेन खाली पडलं. बाहेरच्या रखवालदाराने दार किलकिलं करून आत पाहिलं.

"छे," आप्पा म्हणाले, आणि खिडकीची काच थरथरली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "परिच्छेद सहा माझ्या लक्षात आला. पुढे."

मग पलंग. टेबलावरचे कागद हलवून फळी आडवी ठेवली गेली. तिच्यात चार सांधे होते आणि प्रत्येक तुकड्याचं लाकूड थोडं वेगळं, जे त्या वर्षी हाताशी असेल ते. दादाने ती कडेवर उभी केली आणि न्यायाधीश आपल्या हळू आवाजात वाचू लागले.

"'वय तीन. पहिली फळी.' 'वय चार. चार बोटं वाढवला.' 'वय पाच. पाच बोटं. भराभर वाढतेय.' 'वय सहा. चार बोटं. आता पडद्याची दोरी हाताला येते, वर घेणे.' 'वय सात. एकवीस मार्च. पाच बोटं.'" ते थांबले. "पाहणी एकोणीसची."

"म्हणजे पलंग होता, तो सुटा केलेला होता," वकीलबाई म्हणाल्या.

"मी विचारलं होतं," पाहणीची बाई म्हणाली. तिने दादाकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "हे म्हणाले, पलंग दुरुस्तीला काढलाय. मला ती सबब वाटली. कारण दवाखान्याच्या कागदावर चहा होता आणि घरात दुसरंच ऐकायला मिळालं होतं. एकदा खोटं सापडल्यावर यांच्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास बसेना. मी खाली जाऊन बघायला हवं होतं. नाही गेले."

दादाचा चेहरा उतरला. चार दिवस तो त्या चौथ्या परिच्छेदावर जळफळत होता, आणि तो लिहायला आपणच हातभार लावला होता हे त्याला आत्ता कळत होतं.

"आठ दिवस का लागले?" न्यायाधीशांनी विचारलं.

दादा उठला. खिशातून हात बाहेर काढावेत की नाही हे त्याला कळेना.

"चहा नव्हता, साहेब. सरस होता. या फळीचा सांधा चिकटवायला वडिलांनी तापवला होता. ते दाराशी गेले आणि पोरीने भांड्यात हात घातला. दवाखान्यात मी खोटं सांगितलं. त्यांना पोरीपासून तोडतील म्हणून. बहिणीला आणि बायकोला ते पटलं नव्हतं. खोटं माझं एकट्याचं आहे."

"मी गप्प बसले," छोटी बसल्या जागी म्हणाली. "तेही लिहून घ्या."

आप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणतोय तो?"

छोटी त्यांच्या कानाशी वाकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ओरडायची लाज वाटत होती, पण दुसरा इलाज नव्हता. "दादा म्हणतोय, भिंगरीचा हात भाजला तेव्हा त्याने डॉक्टरांना चहा सांडला म्हणून खोटं सांगितलं. तुमच्यासाठी."

"चहा?" आप्पांना काही उमगेना. "कसला चहा? कुणी केला होता? मी तर लिहून ठेवलंय की."

"कुठे?"

"फळी उलटी करा. टोकाला बघा."

वस्तूच्या तारखा आप्पा खालच्या कडेवर लिहितात, पण चुका टोकाला लिहितात, पायाच्या खाचेत जो भाग जातो त्याच्यावर. सांधा बसला की ते झाकलं जातं आणि वस्तू सुटी केल्याशिवाय कोणाला दिसत नाही. एखादी फळी अर्धा सूत कमी कापली गेली असेल, एखादी गाठ नजरेतून सुटली असेल, तर ती तिथे लिहिलेली असायची. तीस वर्षं याच कारखान्यात काम करणारा दादा हे जाणून होता. कालपासून फळी त्याच्याच ताब्यात होती आणि त्याने सुतळी सोडून पाहिलं नव्हतं.

त्याने फळी फिरवली. न्यायाधीश खुर्चीतून उठून तिच्या टोकाशी आले. अक्षर बारीक होतं, पण सुताराचं, सरळ रेषेत.

"'चौदा मार्च. सरसाचं भांडं चालू ठेवून दाराशी गेलो. पोरीने हात घातला. उजवा हात, तीन बोटं. चूक माझी. भांड्याला झाकण आणि कडी केली. ती कारखान्यात असेल तेव्हा सरस तापवायचा नाही.'"

त्यांनी ते परत एकदा मनातल्या मनात वाचलं. मग आप्पांकडे पाहून, या वेळी खरोखर आवाज चढवून, विचारलं, "हे कुणी वाचावं म्हणून लिहिलंत?"

ते आप्पांना ऐकू गेलं. "पुढच्या वर्षी पलंग वाढवायला जो सांधा उघडेल त्याने. मी असेन, नसेन. त्याला कळायला नको, सरस जपून?"

*

पंधरा मिनिटं बाहेर थांबा, असं सांगण्यात आलं. बाकावर वहिनी आणि छोटी शेजारी शेजारी बसल्या, मधे पिशवी. पिशवी भरण्याचं काम काल छोटीला जमलं नव्हतं, ते वहिनीने केलं होतं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून छोटीने चेन उघडली. आत एक फ्रॉक, एक मोज्यांचा जोड, एक दात घासायचा ब्रश.

"वहिनी, तीन दिवसांचे भरा म्हणाल्या होत्या ना त्या?"

"म्हणाल्या होत्या." वहिनीने समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "हात धजला नाही, वन्सं. एकावर दुसरा फ्रॉक ठेवला की वाटायचं, आपणच हिला पाठवतोय."

छोटीने पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि वहिनीला अगदी खेटून बसली. माफी मागायची तर आवाज हळू ठेवावा लागेल आणि ते या घरातल्या कोणालाच नीट जमत नाही, म्हणून तिने नुसता वहिनीचा हात हातात घेतला. वहिनीने तो सोडवून घेतला नाही.

दादा आणि आप्पा जिन्यापाशी उभे होते. दादाला वाटत होतं, आप्पा आता बोलतील. आप्पांनी फळीवरचा भुसा फुंकला आणि म्हणाले, "मला विचारायचंस तरी."

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत."

"मग?"

दादाने फळीचं दुसरं टोक धरलं.

आत बोलावलं तेव्हा न्यायाधीशांनी फार लांबण लावली नाही. परिच्छेद चार, पाच आणि सहा वस्तुस्थितीला धरून नाहीत, ते रद्द. परिच्छेद नऊ अपुरा आहे, त्यात साक्षीदाराने सांगितलेलं सगळं घालावं, अनवाणी धावण्यासकट. मामांनी दवाखान्याला लेखी दुरुस्ती द्यावी, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे माणसं वाचवायला जाऊ नये, कारण त्याने पोरीलाच गमावून बसायची वेळ आली होती. हे ऐकताना दादाने मान वर केली नाही. पाहणीच्या बाईंनी महिन्याभरात एकदा घरी जावं, आणि सगळे मजले बघावेत.

"मुलीला बालगृहात हलवण्याची शिफारस फेटाळण्यात येत आहे. मुलगी आईजवळ, आजोळीच राहील." त्यांनी कागद बंद केला. "या खुर्चीवर बसून मी बरेच अहवाल वाचलेत. खोडाखोड न करता वाचता आला असा आज एकच मिळाला, आणि तो लाकडावर आहे. तो तेवढा घेऊन जा. आमच्याकडे ठेवायला जागा नाही."

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

"भिंगरी घरीच राहणार," तिघं मिळून ओरडले. या वेळी कारकुनाने पेन घट्ट धरून ठेवलं होतं. छोटी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

पाहणीची बाई दाराशी घुटमळली. तिला आप्पांशी काहीतरी बोलायचं होतं, पण कुठल्या पट्टीत बोलायचं ते कळत नव्हतं. आप्पांनीच विचारलं, "एका दिवसात पाच घरं?"

तिने पाच बोटं दाखवली.

"मग सांधा हुकणारच," आप्पा म्हणाले. "येऊन जा. या वेळी खाली कारखान्यात या." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं.

*

भिंगरी शाळेतून साडेतीनला येते. तिच्या आधी पलंग उभा करायचा म्हणून सगळे धावतपळत घरी आले. वहिनीने पिशवीतला फ्रॉक काढून कपाटात टांगला, छोटीने गादी उचलून धरली, दादाने पायांच्या खाचा पुसल्या.

फळी बसवायच्या आधी आप्पांनी कानामागची पेन्सिल काढली. खालच्या कडेवर आजची तारीख घातली, आणि पुढे लिहिलं, 'कोर्टात जाऊन आली. वाढवला नाही.' मग पेन्सिल दादापुढे धरली. काही बोलले नाहीत. दादाने ती घेतली, फळीचं टोक स्वतःकडे वळवलं आणि आप्पांच्या ओळीखाली, जेवढं जमेल तेवढ्या सरळ रेषेत लिहिलं: 'दवाखान्यात चहा म्हणालो. चूक माझी.' छोटीने मग पेन्सिल मागून घेतली. वहिनीनेही घेतली. तिने मात्र हाताने झाकून लिहिलं, आणि चौघांत ती एकटीच लिहिताना हसत होती.

लाकडी हातोड्याचे दोन ठोके पडले आणि सांधा बसला. आता तिथे काही लिहिलंय असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

जिन्यावर पावलं वाजली. पाठीवरचं दप्तर न काढताच भिंगरी दारात उभी राहिली. तिलाही या घरात हळू बोलायची सवय नव्हती. "माझा पलंग कुणी हलवला?"

"मी," आप्पा म्हणाले.

"परत वाढवला?"

"नाही. थोडं लिहायचं राहिलं होतं."

"काय लिहिलं? मला बघू दे."

"पुढच्या वर्षी," आप्पा म्हणाले. "सांधा उघडू तेव्हा तूच वाच सगळ्यांना. मोठ्याने."

भिंगरीने आईकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे लाल होते आणि सगळे हसत होते, याचा अर्थ तिला लागला नाही आणि ती तो लावत बसलीही नाही. दप्तर खाली टाकून ती पलंगावर सरळ आडवी झाली, डोकं वरच्या फळीला टेकवलं, पाय ताणले आणि मान उचलून खाली किती जागा उरलीय ते मोजलं.

"अजून तीन बोटं आहेत," ती ओरडून म्हणाली.